माणसाळलेली टाकी

माझ्या आत्यासमोर शिंकायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. शिंक येतेय असं वाटलं की माणूस उठून दुसऱ्या खोलीत जायचा, नाक दाबून धरायचा, काहीही करायचा. कारण ती आत्याच्या कानावर गेली, की तिचा हात कमरेच्या पिशवीत जाणार आणि कुठल्यातरी अर्ध्या संपलेल्या पाकिटातली गोळी आपल्या तळहातावर येणार, हे ठरलेलं. "घे, अंगावर काढू नकोस," एवढंच ती म्हणायची. अंगावर काढणं हा तिच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता. तिला सगळे कंपाउंडर म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

यामागे कारण होतं. लहानपणी ती आणि तिचा पाठचा भाऊ एकाच तापाने पडले होते. औषध घरात आलं तेव्हा ते घ्यायला ती एकटीच उरली होती. ही गोष्ट तिने कधी डोळ्यांत पाणी आणून सांगितली नाही. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना, सहज बोलावं तशी सांगायची. त्यामुळे ती ऐकणाऱ्याच्या जास्त जिव्हारी लागायची.

नवरा गेल्यावर ती तिच्या धाकट्या दिरांच्या शेडवर कामाला जाऊ लागली. दिरांचा मासे वाढवण्याचा व्यवसाय होता. पत्र्याची लांबलचक शेड, आत सिमेंटच्या गोल टाक्या, आणि त्यांत चिलापी मासे. छताला मध्येमध्ये हिरवट प्लास्टिकचे पत्रे बसवले होते. त्यांतून उजेड असा यायचा की दिवसाउजेडी आपण बाटलीच्या आत उभे आहोत असं वाटावं. पंपांची घरघर अष्टौप्रहर चालू. आत्याचं काम माशांना खाद्य घालायचं, टाक्यांच्या कडा घासायच्या, मेलेले मासे जाळीने काढायचे. ती ते घरच्यासारखं करायची. दीर तिला वहिनी म्हणत आणि तिच्या कामात कधी नाक खुपसत नसत. शिकायला म्हणून मी तेव्हा आत्याकडेच राहत होते, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

एका वर्षी शेडमध्ये रोग आला. माशांच्या अंगावर लाल चट्टे पडले, पोटं फुगली, आणि मासे उलटे होऊन तरंगायला लागले. आत्या बादल्या भरभरून मेलेले मासे बाहेर काढायची आणि घरी येऊन जेवायला बसली की ताट तसंच बाजूला सारायची. मग दिरांनी माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या वयाने लहान होत्या, पण कामात पक्क्या. त्यांनी मासे तपासले, अँटिबायोटिकची भुकटी दिली, ती खाद्याला तेल चोळून त्यावर कशी लावायची ते दाखवलं. आठवडा-दीड आठवड्यात मरतूक थांबली. आत्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत जे तेज आलं होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जाताना डॉक्टरीणबाई दोन गोष्टी बजावून गेल्या. औषध आता पूर्ण बंद. आणि टाक्यांमधली गर्दी कमी करा. एवढ्या दाटीत मासा सतत घाबरलेला असतो, आणि सतत घाबरलेल्या जिवाची रोगाशी लढायची ताकद आपोआप खचते; ती ताकद औषधाने भरून निघत नाही.

दिरांनी गर्दी कमी केली नाही. आत्याने औषध बंद केलं नाही.

चोरून वगैरे काही नाही. बाजारातल्या दुकानात ती भुकटी मागेल त्याला मिळत होती. आत्या ती आणायची आणि रोजच्या खाद्यात जराशी टाकायची, आपण भाजीत मीठ टाकतो तशी, अंदाजाने. कोपऱ्यातल्या टाकीवर तिचा विशेष जीव. रोगाची सुरुवात तिथून झाली होती ना, म्हणून तिथे मूठ जरा सैल. दिरांच्या हे लक्षात आलं होतं, पण मासे मरत नव्हते, तेव्हा ते कशाला काही बोलतील.

आणि खरंच, मासे मरत नव्हते. महिने गेले, कोपऱ्यातल्या टाकीत एक मासा मेला नाही. पाणी हळूहळू इतकं निवळलं की टाकीचा तळ दिसायला लागला. शेजारच्या गाळणीत प्लास्टिकच्या चक्र्या असायच्या आणि त्यांवर कायम तपकिरी बुळबुळीत थर बसलेला असायचा. तो थर आपोआप निघून गेला. चक्र्या नव्यासारख्या पांढऱ्या दिसायला लागल्या. आत्याला वाटलं, औषधाने घाणसुद्धा धुऊन काढली.

मग मासे माणसाळले.

हे मला तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. माशांवर नुसती सावली पडली तरी ते फुटल्यासारखे चहूकडे पळतात. पण कोपऱ्यातल्या टाकीतले मासे पळेनासे झाले. आत्या कडेला वाकली की ते तिच्या बाजूला यायचे. हात पाण्यात घातला की हाताशी येऊन थांबायचे. कामगार आपापल्या पोरांना दाखवायला घेऊन येऊ लागले. दिरांनी एकदा पाहुण्यांना आणलं. "वहिनींना ओळखतात," ते म्हणाले, आणि आत्या लाजली.

मी पहिल्यांदा पाहिलं ते एका भर दुपारी. कामगार जेवायला गेले होते. मी आत्याचा डबा घेऊन गेले होते. आधी तिने इतर टाक्यांत खाद्य टाकलं. तिथे पाणी उसळलं, शेपट्यांचे फटके बसले, माझ्या पायांवर शिंतोडे उडाले. मग आम्ही कोपऱ्यात गेलो. तिथे खाद्य पाण्यावर पडलं आणि तसंच तरंगत राहिलं. थोड्या वेळाने एक मासा वर आला. त्याने एक दाणा तोंडात घेतला, जरा वेळ धरला, आणि सोडून दिला.

"पोटभर खाल्लेले आहेत," आत्या म्हणाली. "हपापल्यासारखं करत नाहीत. ये, हात घाल."

मी बाही वर करून हात पाण्यात घातला. ते आले. घाईने नाही. अंधारात माणूस भिंत चाचपत यावा तसे आले. त्यांचा रंग इतर टाक्यांतल्या माशांपेक्षा काळपट होता आणि डोळे मोठे, थोडे बाहेर आलेले, दुधाळ. एकाने माझ्या तळव्याला तोंड टेकवलं. मग दुसऱ्याने. बघता बघता माझा हात माशांनी वेढला गेला. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, सगळ्यांचे कल्ले एका तालात उघडमीट करणारे. कुणी ढकलत नव्हतं, कुणी टोचत नव्हतं. ती शांतता मला सहन होईना. मी हात काढून घेतला.

ते हलले नाहीत. माझा हात जिथे होता तिथे पाण्यात तेवढी जागा मोकळी राहिली, बोटांसकट, आणि तिच्याभोवती मासे तसेच उभे राहिले.

मी ओला हात कपड्यांना पुसत राहिले. आत्या मात्र भारल्यासारखी त्यांच्याकडे पाहत होती. "डोळे किती छान दिसतात ना?" ती म्हणाली. डबा तिथेच ठेवून मी घरी आले आणि हात साबणाने धुतला, मग परत धुतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला काटा लागला. कुणाला तरी दाखवायला म्हणून तिने एक मासा ओंजळीत घेतला होता. तो तडफडला नाही, नुसता कुशीवर वळला, आणि त्याच्या पाठीवरच्या पंखातला काटा तिच्या मधल्या बोटाच्या पेरात गेला. रक्तसुद्धा आलं नाही. तिने बोट चोखलं आणि विसरून गेली.

बोट सुजलं. तिने पिशवीतली एक कॅप्सूल घेतली. सूज उतरली, म्हणून पुढच्या घेतल्या नाहीत. सूज परत आली. मग तिने वेगळ्या रंगाची कॅप्सूल घेतली. असं बरेच दिवस चाललं. बोट जांभळं पडलं, आणि मग मनगटापासून कोपराकडे कातडीखाली छोट्या गाठी उठायला लागल्या, एकीपुढे एक, सरळ रेषेत. जणू काहीतरी वाट काढत वर चाललंय. मी दवाखान्यात चल म्हणून मागे लागले. ती म्हणायची, दवाखान्यात तरी काय देणार, हेच ना?

एक गोष्ट मात्र मला खटकायची. हात पाण्यात बुडवला की ठणका थांबतो, असं ती म्हणायची. त्यामुळे घरी ती पातेल्यात पाणी घेऊन बसायची. सकाळचा चहा डाव्या हाताने प्यायची आणि उजवा हात टेबलावरच्या पातेल्यात. बोलता बोलता मध्येच थांबून पाण्यात पाहायची, कुणाची वाट पाहिल्यासारखी.

अशातच शेजारची टाकी गप्प झाली. दोन्ही टाक्यांना जाळी एकच वापरायचे. एका दुपारी खाद्य टाकलं तर पाणी उसळलंच नाही. या वेळी दीर चपापले. एका टाकीतले मासे माणसाळले तर कौतुक, पण सगळ्याच शेडचा आवाज बंद व्हायला लागला तर ते कौतुक राहत नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

त्या आल्या तेव्हा मी तिथेच होते. आत्याने हाताला फडकं बांधलं होतं. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या टाकीजवळ गेल्या, पाण्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी मोठ्याने टाळी वाजवली. शेडमध्ये ती फटाक्यासारखी वाजली. मी दचकले. कामगार वळून पाहायला लागले. पाण्यात एकही मासा हलला नाही.

आत्या हसली. ते घाबरत नाहीत, माणसाळलेत, असं तिने सांगितलं, आणि नेहमीसारखी कडेला वाकली. मासे हळूहळू तिच्या बाजूला सरकले.

डॉक्टरीणबाईंनी वाकून माशांचे कल्ले निरखले. मग त्यांनी विचारलं, औषध किती दिवस देताय? आत्याने सरळ सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. थोडं थोडं, पण न चुकता, रोज.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे माणसाळलेले नाहीत. घाबरायलासुद्धा अंगात ताकद लागते. ती यांच्यात उरलेली नाही."

आत्याने वर पाहिलं. "पण ते माझ्याजवळ येतात."

"तुम्ही जिथे उभ्या राहता, तिथे खाली पाइप आहे. नवं पाणी तिथून टाकीत येतं. त्यांचे कल्ले जळालेत, त्यांना श्वास पुरत नाही. ते पाण्याकडे येतात, मावशी."

आत्याने खाली पाइपाच्या तोंडाकडे पाहिलं. ती तिथे रोज उभी राहत होती आणि तो पाइप तिला माहीतही होता. पण त्या क्षणी तिने तो पहिल्यांदा पाहिला असं मला वाटलं.

मग डॉक्टरीणबाईंनी एक मासा कापून दाखवला आणि समजावून सांगितलं. ओरडल्या नाहीत. गाळणीतला तो बुळबुळीत थर म्हणजे उपयोगी जंतू होते, माशांची घाण पचवणारे. औषधाने आधी ते मेले. त्यामुळे काचेसारखं दिसणारं पाणी आतून विषारी झालं. माशांच्या आतड्यातले चांगले जंतू मेले. रोगाशी लढणारं रक्त जिथे तयार होतं तो भाग फिका पडून आकसला होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून दाखवला. आणि ज्या जंतूंसाठी औषध दिलं, त्यांतले जे त्या औषधाला पुरून उरले, त्यांना माशाच्या अंगात अडवणारं आता काही उरलं नव्हतं. मासे मरत नव्हते, कारण रोजच्या औषधाने त्या जंतूंना मारलं नाही, तरी अर्ध्यावर धरून ठेवलं होतं. जगतही नव्हते.

बोलता बोलता त्यांचं लक्ष आत्याच्या हाताकडे गेलं. फडकं सोडायला लावलं. गाठींची ती रेघ पाहिल्यावर त्यांचा आवाज बदलला. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल," त्या मला म्हणाल्या. "आणि तिथे सांगा, माशाचा काटा लागलाय म्हणून. हे पहिल्यांदा सांगा."

हॉस्पिटलमध्ये बोटातला पू तपासायला घेतला. काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि काचेची एक चपटी थाळी दाखवली. थाळीत जंतू वाढवले होते, करडी मऊ साय धरावी तसे. त्यांच्यामध्ये औषधांत भिजवलेल्या कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण तयार होतं, डॉक्टर म्हणाले. इथे ती साय जवळपास सगळ्या चकत्यांना खेटून वाढली होती. काही चकत्या तर तिने वरून झाकून टाकल्या होत्या. एकाच चकतीभोवती बारीकसं रिंगण होतं. माशांच्या डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातल्या टाकीतल्या माशाची अशीच थाळी करून तिचा फोटो डॉक्टरांच्या फोनवर पाठवला होता. डॉक्टरांनी तो फोन थाळीशेजारी ठेवला. रिंगण त्याच चकतीभोवती.

आत्याने एकदा थाळीकडे पाहिलं, एकदा फोनकडे. "म्हणजे टाकीत आहे तेच माझ्यात आहे," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली.

तिला सलाइनमधून ते एकमेव औषध सुरू झालं. दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या, मासे खड्ड्यात चुना घालून पुरायचे, असं ठरलं. आत्याने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, मी नाही तर निदान तू तिथे उभी राहा, ते एकटे नकोत. मला जायचं नव्हतं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार.

मासे असलेली टाकी उपसताना काय होतं ते मी आधी पाहिलेलं होतं. पाणी घोट्यापर्यंत आलं की मासे असे उसळतात की दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी दिरांनी तळाची तोटी उघडली आणि पाणी उतरायला लागलं. मासे पाण्याबरोबर खाली आले. पाणी आणखी उतरलं. त्यांच्या पाठी उघड्या पडल्या, मग अंग. ते एकावर एक टेकले, कुशीवर कलंडले, आणि तसेच राहिले. शेकडो तोंडं उघडत होती, मिटत होती. शेपटी कुणी आपटली नाही. शेवटचं पाणी गळगळत नळीतून गेलं, त्याचा आवाज आला, आणि नंतर कसलाच नाही. कामगारांतला एक जण, एरवी सगळ्यांची टिंगल करणारा, टाकीपासून दोन पावलं मागे सरकला. कुणी त्याला हसलं नाही. मी आत्याच्या जागी, त्या पाइपाच्या वर, शेवटपर्यंत उभी राहिले. ते सगळे माझ्याकडे तोंड करून पडले होते. आता त्याचं कारण मला माहीत होतं, तरीसुद्धा मला त्यांच्याकडे पाहवेना.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. आत्या उशीला टेकून बसली होती. तिने फक्त एकच विचारलं.

"फार तडफडले का गं?"

"नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. खोटं बोलून तिला दिलासा द्यायची वेळ असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, तिला समजलं, आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. नर्स सलाइन बदलून गेली तरी ती वळली नाही.

बोटाचं टोक काढावं लागलं. हात वाचला. गाठी विरायला फार दिवस लागले. एकेक करून, ज्या क्रमाने वर चढल्या होत्या त्याच्या उलट. ती घरी आली तेव्हा वाळून अर्धी झाली होती, आणि काही दिवस कुणाशी धड बोलली नाही.

मग एका सकाळी ती तयार होऊन दारात उभी राहिली आणि शेडवर निघाली. दिरांनी वहिनी आता बास म्हणून पाहिलं, पण ती ऐकणारी नव्हती. शेडही बदलली होती. गाळण्या नव्याने चालू केल्या होत्या आणि त्यांवर पुन्हा थर धरायला लागला होता. टाक्यांत मासे पहिल्यापेक्षा बरेच कमी. लहान पिल्लं टाकीत सोडण्याआधी त्यांना लस द्यायची पद्धत डॉक्टरीणबाईंनी सुरू केली. लसीच्या पाण्याच्या टबात पिल्लं थोडा वेळ ठेवायची आणि जाळीने अलगद उचलायची. ते काम आत्याने स्वतःकडे घेतलं. जाड रबरी हातमोजे घालून, मान खाली घालून करते. अर्ध्या बोटामुळे हातमोज्याचं एक टोक रिकामं लोंबतं.

नव्या माशांत मरतूक थोडी होतेच. पहिल्यांदा एक मासा मेला तेव्हा मी तिथे होते. तिने तो जाळीने काढला आणि हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाजारात निघणार. तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला, मासा कसा दिसतो ते सांगितलं, पलीकडून जे सांगितलं ते ऐकून घेतलं. पाणी बदला, वाट पाहा, असं काहीतरी होतं ते. ती टाकीच्या कडेला बसून राहिली. काहीही न करणं तिला किती जड जात होतं ते तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण तिने ते केलं.

कोपऱ्यातली टाकी मात्र परत भरली नाही. घासली, चुना लावला, उन्हात वाळू दिली, तरी सिमेंटच्या भेगांतून घेतलेल्या नमुन्यात तेच जंतू पुन्हा निघाले. शेवटी दिरांनी ती फोडून टाकली. त्या जागेवर आता फरशी घातली आहे आणि हात धुवायचं बेसिन बसवलं आहे. शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला, मालक असो की पाहुणा, आत्या तिथे उभं करून साबणाने हात धुवायला लावते. ती स्वतः मात्र त्या फरशीवर पाय ठेवत नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला बाहेर एक नळ आहे, तिथे जाते.